ग्रंथपाल आणि अध्यापक : माहिती-साक्षरतेच्या सहकार्याचा इतिहास

ग्रंथालयाचे दार सर्वांसाठी उघडे झाले म्हणजे त्यातील ज्ञानही सर्वांच्या स्वाधीन झाले, असा समज आपल्याकडे दृढ आहे. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवण्यात आले, त्या समाजाला उघड्या दाराचे मोल विशेष वाटावे हे स्वाभाविकच होय. परंतु त्या दारातून आत गेलेला नवा विद्यार्थी पुष्कळदा कपाटांच्या रांगांपुढे गोंधळून उभा राहतो. कोणता ग्रंथ मागावा हे त्याला कळत नाही. विचारावे तर आपले अज्ञान उघडे पडेल, या संकोचाने तो विचारीतही नाही. अखेर एखादी परीक्षोपयोगी मार्गदर्शिका घेऊन तो घरी परततो. ज्याच्या घरात पूर्वी कोणीही महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही, त्याच्या बाबतीत हा प्रसंग विशेष घडतो. कारण ग्रंथालय कसे वापरावे हे सुशिक्षित घरातील मुलास घरीच नकळत मिळते, इतरांस ते कोणीतरी शिकवावे लागते.

हे शिकवावयाचे कोणी? अध्यापक म्हणतात, ते ग्रंथपालाचे काम आहे. ग्रंथपाल म्हणतात, विद्यार्थी आमच्याकडे येतो तोच मुळी अध्यापकाने काही विचारले तर. या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत विद्यार्थी उभा असतो. ही जागा भरून काढण्याचे प्रयत्न अमेरिकेत गेल्या सुमारे दीडशे वर्षांत निरनिराळ्या रीतींनी झाले आणि त्यांतील यशापयशाची प्रांजळ नोंदही झाली. प्रस्तुत लेखात त्या प्रयत्नांतील प्रमुख टप्प्यांचा परामर्श घेऊन आपल्याकडील परिस्थितीशी त्यांचा काय संबंध पोहोचतो, हे पाहावयाचे आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. माहिती-साक्षरता म्हणजे संगणक हाताळण्याचे कौशल्य नव्हे. आपल्याला कोणत्या माहितीची गरज आहे हे ओळखणे, ती कोठे व कशी मिळेल हे जाणणे, मिळालेल्या माहितीची विश्वसनीयता पारखणे आणि तिचा प्रामाणिकपणे उपयोग करणे, या चारही गोष्टी तीत अंतर्भूत होतात. यांपैकी तिसरी गोष्ट या पृष्ठांच्या वाचकांस अपरिचित नाही. ‘महापरिनिब्बान सुत्ता’तील चार महापदेसांमध्ये, एखादे वचन कोणाच्या तोंडून आले एवढ्यावरून त्याचा स्वीकार वा अव्हेर न करता ते सुत्त आणि विनय यांच्याशी ताडून पाहावे, असा दंडक घालून दिलेला आहे. म्हणून आधुनिक ग्रंथालयशास्त्र प्राचीन काळीच सिद्ध झाले होते असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि प्रमाण तपासण्याची गरज आजचीच नाही, एवढे त्यावरून निश्चितपणे म्हणता येते.

पहिला टप्पा : अध्यापक हाच ग्रंथपाल

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन महाविद्यालयांत ग्रंथपालाचे स्वतंत्र पद बहुधा नसे. एखादा प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळून ग्रंथालयाची देखरेख करी. ग्रंथालये आठवड्यातून काही तासच उघडी असत आणि ग्रंथांचे रक्षण हेच मुख्य कर्तव्य मानले जाई. या स्थितीवर विचारवंत एमर्सन याने आपल्या ग्रंथविषयक निबंधात बोट ठेवले होते. महाविद्यालये ग्रंथालये पुरवितात, परंतु ग्रंथ कसे निवडावे व वाचावे हे शिकविणारा प्राध्यापक मात्र नेमीत नाहीत, असा त्याचा आक्षेप होता.

१८७६ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकन ग्रंथालय संघाची स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने सार्वजनिक ग्रंथालयांविषयी एक विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. रॉचेस्टर विद्यापीठातील ओटिस रॉबिन्सन यांनी त्या काळी महाविद्यालयीन ग्रंथालयाच्या शैक्षणिक कार्याचा हिरीरीने पुरस्कार केला. रॉबिन्सन हे गणिताचे प्राध्यापकही होते आणि ग्रंथपालही. विद्यार्थ्याने महाविद्यालय सोडताना स्वतःच्या बळावर शिकत राहण्यास समर्थ व्हावे आणि त्यासाठी ग्रंथालयातच त्याचे शिक्षण झाले पाहिजे, अशी त्यांची धारणा होती. १८७९ मध्ये मिशिगन विद्यापीठाचे ग्रंथपाल रेमंड डेव्हिस यांनी ग्रंथसूचीशास्त्रावर विद्यार्थ्यांसाठी व्याख्याने सुरू केली. ओबर्लिन महाविद्यालयाचे ग्रंथपाल अझरिया रूट यांनीही पुढे अनेक वर्षे असे अभ्यासक्रम चालविले.

या प्रयत्नांचे पुढे काय झाले, हे पाहणे उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथपालन हा स्वतंत्र व्यवसाय बनला. १८८७ साली मेल्विल ड्यूई यांनी कोलंबिया महाविद्यालयात ग्रंथपालनाचे पहिले विद्यालय काढले होते. त्यातून व त्यानंतरच्या अशा विद्यालयांतून प्रशिक्षित ग्रंथपाल बाहेर पडू लागले. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा यांत अभूतपूर्व प्रगती झाली. परंतु व्यवसाय स्वतंत्र झाला त्याबरोबर ग्रंथपाल आणि वर्ग यांच्यातील नातेही सैल झाले. पूर्वी एकाच व्यक्तीत नांदणाऱ्या दोन भूमिका दोन इमारतींत विभागल्या गेल्या. ग्रंथालयाविषयीची व्याख्याने चालू राहिली तरी ती कोणत्याही विषयाच्या अभ्यासाशी जोडलेली नसत आणि विद्यार्थी ती ऐकून विसरून जात.

हा दुरावा ज्यांना जाणवला त्यांपैकी बी. लामार जॉन्सन हे एक होत. मिसूरी राज्यातील स्टीफन्स महाविद्यालयात १९३१ पासून ते अध्यापनाचे अधिष्ठाता आणि ग्रंथपाल अशी दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळीत. आपल्या प्रयोगाचा वृत्तांत त्यांनी १९३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. लुई शोअर्स यांनी १९३४ साली शिकागो येथे याहून धाडसी कल्पना मांडली. ग्रंथालय हेच महाविद्यालय व्हावे, विद्यार्थी वर्गाऐवजी तेथे शिकावा आणि अध्यापकाने ग्रंथपालाच्या पद्धतीने मार्गदर्शन करावे, अशी ती कल्पना होती. १९४० मध्ये हार्वी ब्रॅन्सकोम यांनी महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या प्रत्यक्ष वापराचे परीक्षण प्रसिद्ध केले. ग्रंथसंग्रहावर होणाऱ्या खर्चाच्या मानाने विद्यार्थी ग्रंथालयाचा फारच अल्प उपयोग करतात, आणि याचे कारण ग्रंथालयात नसून अध्यापनपद्धतीत आहे, असे त्यांनी दाखवून दिले. पाठ्यपुस्तक व व्याख्यान यांवर उत्तीर्ण होता येत असेल तर विद्यार्थ्याने कपाटाकडे का वळावे, हा त्यांच्या विवेचनातून उभा राहणारा प्रश्न होता.

मॉन्टिथचा प्रयोग

ब्रॅन्सकोम यांचा प्रश्न ज्यांनी पुढे नेला त्या पॅट्रिशिया नॅप यांचे कार्य या इतिहासात केंद्रस्थानी आहे. इलिनॉय राज्यातील नॉक्स महाविद्यालयात विद्यार्थी कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणते ग्रंथ नेतात, याचा त्यांनी देवघेव विभागाच्या नोंदींवरून बारकाईने अभ्यास केला. तो १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासक्रमानिमित्त होणारी बहुतेक ग्रंथदेवघेव मोजक्याच अभ्यासक्रमांतून होते, असे त्यांना आढळले. याचा अर्थ उघड होता. ग्रंथालयाचा वापर संग्रहाच्या आकारापेक्षा अध्यापकाच्या अपेक्षेवर अवलंबून असतो.

याच सुमारास, १९५९ साली, डेट्रॉइट येथील वेन स्टेट विद्यापीठाने फोर्ड प्रतिष्ठानच्या साहाय्याने मॉन्टिथ नावाचे एक लहान महाविद्यालय सुरू केले. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. या विद्यापीठाचे बहुतेक विद्यार्थी वसतिगृहात न राहता घरून ये-जा करीत आणि त्यांत कामगारवर्गातील मुलांचा भरणा मोठा होता. नैसर्गिक शास्त्रे, समाजाचे शास्त्र आणि मानव्यविद्या या तीन विभागांतून सर्वांगीण शिक्षण द्यावे, ही मॉन्टिथची योजना होती. येथे १९६० ते १९६२ या काळात, केंद्रीय शिक्षण कार्यालयाच्या अनुदानावर, नॅप यांनी आपला सुप्रसिद्ध प्रयोग केला.

त्यांची भूमिका अशी होती. ग्रंथालय म्हणजे ग्रंथांचे कोठार नसून मार्गांचे जाळे आहे. विद्वान एकमेकांशी कसे बोलतात, एका लेखातून दुसऱ्या लेखाकडे कसे जातात, ज्ञान कोणत्या व्यवस्थेने साठविले जाते, हे त्या जाळ्यातून कळते. विद्यार्थ्याला एखादा ग्रंथ काढून देण्यापेक्षा या मार्गांची ओळख करून देणे हे खरे शिक्षण होय. ही ओळख एका तासाच्या व्याख्यानाने होणार नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात, निरनिराळ्या विषयांच्या स्वाध्यायांतून, ती टप्प्याटप्प्याने व्हावी लागेल. म्हणून स्वाध्यायांची रचना ग्रंथपाल आणि अध्यापक यांनी एकत्र बसून करावी. याशिवाय त्यांनी आणखी एक युक्ती योजिली. अध्यापकांच्या मदतीस काही विद्यार्थी ‘ग्रंथसूची साहाय्यक’ म्हणून देण्यात आले. अध्यापकांसाठी हे साहाय्यक संदर्भ शोधीत. ग्रंथालयातून काय मिळू शकते हे त्यायोगे अध्यापकांनाही समजावे, हा त्यामागील हेतू होता.

प्रयोगाला मिळालेले यश मर्यादित होते, आणि नॅप यांचे मोठेपण असे की त्यांनी ते लपविले नाही. १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अहवालात अडचणींची त्यांनी सविस्तर चिकित्सा केली. अनेक अध्यापकांना ग्रंथालयीन स्वाध्याय हे आपल्या विषयाच्या वेळेवरील आक्रमण वाटे. जो स्वाध्याय विषयाचा अविभाज्य भाग नसे, तो विद्यार्थ्यांना निरर्थक वाटे आणि ते तो कसाबसा उरकून टाकीत. ग्रंथालय वापरणे सोपे आहे, त्यात शिकण्यासारखे ते काय, असाही विद्यार्थ्यांचा ग्रह होता. अध्यापकांच्या उदासीनतेचे कारण मात्र विचार करण्याजोगे आहे. आपल्या क्षेत्रातील प्रमुख लेखक, नियतकालिके, वादविषय हे सर्व त्यांना मुखोद्गत असते. त्यांना तालिका वा सूची यांची फारशी गरजच पडत नाही. आपण कोणे एके काळी नवशिके होतो आणि तेव्हा हे सर्व आपल्याला अपरिचित होते, याचे विस्मरण होते. जाणकाराचे ज्ञानच नवशिक्याची अडचण दिसण्याच्या आड येते.

अनुदान संपल्यावर प्रयोगही थांबला. पुढे काही वर्षांनी विद्यापीठाने मॉन्टिथ महाविद्यालयच बंद केले. परंतु अहवाल उरला आणि त्याने एका पिढीतील ग्रंथपालांना शिकविले.

अर्लहॅम : लहान पावलांचा मार्ग

मॉन्टिथचा प्रयोग संपत असतानाच, १९६२ साली, इंडियाना राज्यातील रिचमंड येथील अर्लहॅम महाविद्यालयात इव्हान फार्बर हे ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. क्वेकर पंथीयांनी स्थापन केलेले हे एक लहान निवासी महाविद्यालय. येथे मोठे अनुदान नव्हते, भव्य योजनाही नव्हती. फार्बर आणि त्यांचे सहकारी जेम्स केनेडी यांनी एकेका अध्यापकाशी बोलून, एकेका अभ्यासक्रमापासून आरंभ केला. १९६० च्या दशकाच्या मध्यास जीवशास्त्र विभागाने या कामी पुढाकार घेतला आणि पाहता पाहता ही पद्धती अन्य विभागांत पसरली.

पद्धती साधी होती. अध्यापक विद्यार्थ्यांना लेखनाचा विषय देई. तो दिल्यानंतर लगेच, विद्यार्थ्याच्या मनात गरज जागी असतानाच, ग्रंथपाल त्याच वर्गात येऊन त्या विषयाला उपयोगी अशी साधने कशी वापरावी हे समजावून सांगे. त्या विशिष्ट स्वाध्यायासाठी तयार केलेली टिपणांसह ग्रंथसूची विद्यार्थ्यांच्या हाती दिली जाई. नंतर विद्यार्थी संदर्भकक्षात येऊन ग्रंथपालाशी आपल्या विषयाची चर्चा करीत. पुढील वर्षाच्या अभ्यासक्रमात याहून कठीण साधने शिकविली जात. पहिल्या वर्षी शिकलेले पुन्हा शिकविण्याची गरज नसे, कारण आधीच्या स्वाध्यायांत काय शिकविले गेले याची नोंद ग्रंथालयाकडे असे.

यात दोन तत्त्वे दिसून येतात. पहिले असे की, शोध घेण्याची कला प्रश्नापासून वेगळी काढून शिकविता येत नाही. ज्याला तहान नाही त्याला विहिरीचा रस्ता सांगून उपयोग होत नाही. दुसरे तत्त्व असे की, ग्रंथपालाला अध्यापकाच्या बरोबरीचे स्थान मिळाल्याशिवाय हे काम टिकत नाही. स्वाध्याय फार व्यापक आहे, वा त्यासाठी ग्रंथालयात पुरेशी साधने नाहीत, असे ग्रंथपालाने अध्यापकास मोकळेपणाने सांगावे आणि अध्यापकाने ते मनावर घ्यावे, असा विश्वास तेथे निर्माण झाला होता. फार्बर १९९४ साली निवृत्त झाले. तीन दशके टिकलेल्या या कामामागे पैशापेक्षा परस्परविश्वासाचे बळ अधिक होते, असे म्हणावे लागते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अर्लहॅमने भरविलेल्या परिषदांना येताना महाविद्यालयांनी केवळ ग्रंथपालास न पाठविता त्याच्यासमवेत अध्यापकासही पाठवावे, असा आग्रह असे.

दरम्यान १९७२ साली मिशिगन राज्यातील इप्सिलँटी येथे ‘लोएक्स’ नावाचे देवाणघेवाण केंद्र सुरू झाले. निरनिराळ्या महाविद्यालयांनी तयार केलेले स्वाध्याय व हस्तपत्रके तेथे जमा होत आणि मागेल त्यास पुरविली जात. एका ग्रंथालयातील कष्ट दुसऱ्याच्या कामी येऊ लागले.

भीतीचा शोध

१९८६ साली कॉन्स्टन्स मेलन यांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या क्षेत्रात मैलाचा दगड ठरला. दक्षिणेकडील एका विद्यापीठात निबंधलेखन शिकविणाऱ्या अध्यापकांच्या सहकार्याने त्यांनी विद्यार्थ्यांकडून एक साधी गोष्ट करवून घेतली. संदर्भ शोधताना आपल्याला काय वाटते, याची नोंदवही विद्यार्थ्यांनी ठेवावयाची. दोन वर्षांत सुमारे ६००० विद्यार्थ्यांच्या अनुभवांवर हा अभ्यास आधारलेला होता. ७५ ते ८५ टक्के विद्यार्थ्यांनी ग्रंथालयाविषयीची आपली पहिली प्रतिक्रिया भीतीच्या शब्दांत व्यक्त केली होती. आपण हरवलो आहोत, कोठून आरंभ करावा कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. इतर सर्वांना हे येते, मला एकट्यालाच येत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे आणि विचारले तर ती उघडी पडेल, अशी त्या भीतीमागील धारणा होती. मेलन यांनी या अवस्थेला ‘ग्रंथालय-भय’ असे नाव दिले.

या निष्कर्षाचे महत्त्व ग्रंथालयापुरते नाही. जी लाज एकेका विद्यार्थ्याला स्वतःचा दोष वाटत होती, ती बहुसंख्यांची अवस्था असल्याचे सिद्ध झाले. ज्ञानाच्या संस्थेत आपण उपरे आहोत ही भावना ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना या शोधाचे मर्म निराळे सांगण्याची गरज नाही. हेही ध्यानात घ्यावे की, हा शोध एकट्या ग्रंथपालाला लागला नसता. संदर्भकक्षाशी विद्यार्थी आपली भीती बोलून दाखवीत नव्हते. ती त्यांनी वर्गातील वहीत लिहिली. ग्रंथपाल व अध्यापक एकत्र आले म्हणूनच ती दृष्टीस पडली.

याच काळात रटगर्स विद्यापीठातील कॅरोल कुल्थाऊ यांनी शाळकरी विद्यार्थ्यांच्या शोधप्रक्रियेचा मागोवा घेतला. आरंभीच्या उत्साहानंतर, पुष्कळ साहित्य हाती आले असताना, विद्यार्थ्याचा गोंधळ वाढतो आणि आत्मविश्वास कमी होतो, असे त्यांना आढळले. विषय नेमका झाला की मन पुन्हा स्थिर होते. म्हणजे मधला गोंधळ हे अपयशाचे लक्षण नसून शिकण्याचा एक टप्पा आहे. नेमका याच टप्प्यावर अध्यापकाचा व ग्रंथपालाचा हात हवा असतो, आणि नेमका याच वेळी विद्यार्थी बहुधा एकटा असतो.

नाव, व्याख्या आणि मानके

‘माहिती-साक्षरता’ ही संज्ञा रूढ करण्याचे श्रेय पॉल झुरकोव्स्की यांना दिले जाते. माहिती उद्योग संघाचे ते अध्यक्ष होते आणि १९७४ साली ग्रंथालयविषयक राष्ट्रीय आयोगाला सादर केलेल्या टिपणात त्यांनी ती योजिली. त्यांच्यासमोर कामाच्या ठिकाणी माहितीचा उपयोग करणारा नागरिक होता. १९८९ साली पॅट्रिशिया ब्रायव्हिक यांच्या अध्यक्षतेखालील अमेरिकन ग्रंथालय संघाच्या समितीने या संज्ञेला शैक्षणिक व नागरी अर्थ दिला. माहिती शोधता, पारखता व वापरता येणे ही लोकशाहीतील नागरिकाची गरज आहे, असा त्या अहवालाचा आशय होता. २००३ मधील प्राग येथील आणि २००५ मधील अलेक्झांड्रिया येथील जाहीरनाम्यांनी हा विचार आंतरराष्ट्रीय केला आणि आजीवन शिक्षणाच्या अधिकाराशी त्याची सांगड घातली.

२००० साली अमेरिकेच्या महाविद्यालयीन व संशोधन ग्रंथालय संघाने ५ मानके आणि २२ निदर्शक निश्चित केले. त्यामुळे मूल्यमापन सुलभ झाले. पण कौशल्यांची यादी पूर्ण केली म्हणजे शिक्षण झाले, असा यांत्रिकपणाही शिरला. २०१६ मध्ये ती मानके मागे घेण्यात येऊन त्यांच्या जागी ६ मूलभूत संकल्पनांची चौकट आली. कोणाला कशामुळे अधिकारी मानावे, संशोधन ही प्रश्नांची साखळी कशी असते, विद्वत्ता हा संवाद कसा असतो, अशा त्या संकल्पना आहेत. त्या कोणत्याही एका तासात शिकविता येत नाहीत. त्या विषयाच्या अध्यापनातच मुरवाव्या लागतात. नॅप जे १९६० मध्ये सांगत होत्या, तेथेच हा प्रवास येऊन पोहोचला.

संगणकाच्या जाळ्याने परिस्थिती पालटली, परंतु प्रश्न पालटला नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील सॅम वाइनबर्ग व सारा मॅकग्रू यांनी १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यपडताळणीकार आणि २५ विद्यार्थी यांच्या वाचनाची तुलना केली. संकेतस्थळ कितपत विश्वासार्ह आहे हे ठरविताना विद्यार्थ्यांप्रमाणे इतिहासकारही त्या पृष्ठाच्या बाह्य स्वरूपाने पुष्कळदा फसले. तथ्यपडताळणीकार मात्र ते पृष्ठ तेथेच सोडून, ते कोणी काढले आहे व त्याविषयी इतर काय म्हणतात, हे आधी शोधीत. यावरून विषयातील पांडित्य आणि माहिती पारखण्याची कला या भिन्न गोष्टी आहेत, हे सिद्ध होते. या कामी अध्यापकालाही शिकावे लागते. ते मान्य करण्यातच सहकार्याचा आरंभ आहे.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे या विचाराची बीजे नव्हती असे नाही. बडोदे संस्थानात सयाजीराव गायकवाड यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाला ग्रंथालयांची जोड दिली. लिहावाचावयास शिकलेला मनुष्य ग्रंथांअभावी पुन्हा निरक्षर होतो, ही त्यामागील जाण होती. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलाविले. १९११ मध्ये बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू झाला. १९१२ पासून तेथून निघालेल्या ग्रंथालयविषयक नियतकालिकात इंग्रजी व गुजरातीबरोबर मराठीलाही स्थान होते. बॉर्डन यांच्यानंतर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी ती चळवळ सांभाळली. याच संस्थानाची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. ग्रंथालय आणि अध्यापक ही दोन्ही एकत्र लाभली तर काय घडू शकते, याचे त्यांच्याइतके थोर उदाहरण आपल्याकडे दुसरे नाही. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेस पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले महाविद्यालय पीपल्स एज्युकेशन सोसायटीने उभारले. ज्यांच्या घरात ग्रंथ नव्हते अशा विद्यार्थ्यांसाठी तेथील ग्रंथालय हेच पहिले घर होते.

एस. आर. रंगनाथन हे स्वतः गणिताचे अध्यापक होते. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ मध्ये त्यांनी मांडलेली पाच सूत्रे सर्वश्रुत आहेत. परंतु नवागत वाचकाला ग्रंथालयाची जणू दीक्षा द्यावी, त्याला एकटे सोडू नये, हा त्यांचा आग्रह मात्र तुलनेने दुर्लक्षित राहिला. आपण त्यांचे वर्गीकरण शिकलो, त्यांची आस्था शिकलो नाही.

२०१९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच. डी. च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्राचा २ श्रेयांकांचा अभ्यासक्रम आवश्यक केला. संदर्भ-आधारसामग्री, वाङ्मयचौर्य, फसवी नियतकालिके हे विषय त्यात येतात. हे स्वागतार्हच होय. परंतु जे पहिल्या वर्षी शिकवावयास हवे ते आपण शेवटच्या पायरीवर शिकवितो, हेही त्यातून उघड होते. जे तेथवर पोहोचतात ते थोडे. वाटेत गळणाऱ्या असंख्यांना प्रश्न कसा विचारावा आणि उत्तर कसे पारखावे, हे कोणीच शिकविलेले नसते. दूरध्वनीच्या पडद्यावर दररोज येणाऱ्या खऱ्याखोट्या मजकुराचा मारा मात्र त्यांच्यावरही तितकाच होत असतो.

समारोप

या इतिहासातून निघणारा बोध थोडक्यात असा. मोठे अनुदान लाभलेला प्रयोग थांबला, आणि एका अध्यापकाच्या एका स्वाध्यायापासून सुरू झालेले काम तीस वर्षे टिकले. म्हणून आपल्याकडे आरंभ करावयाचा तर विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याचे कारण नाही. एका महाविद्यालयातील एका अध्यापकाने आपल्या विषयाचा एक प्रश्न असा योजावा की, ज्याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळणार नाही. तो देण्यापूर्वी त्याने ग्रंथपालाकडे जाऊन, हे साहित्य आपल्याकडे आहे काय, एवढे विचारावे. ग्रंथपालाने त्या वर्गात एक तास उभे राहावे. त्यानंतर विद्यार्थी संदर्भकक्षात येईल तेव्हा त्याला नावाने ओळखणारे कोणीतरी तेथे असेल. विहारांतील अभ्यासिकांतही हे करता येईल. तेथे ग्रंथांची कपाटे आहेत, अभ्यासाला बसणारे तरुण आहेत आणि परिसरात निवृत्त शिक्षकही आहेत. या तिघांना एकत्र आणणारा प्रश्न तेवढा हवा.

कपाटांपुढे गोंधळून उभा राहिलेला तो विद्यार्थी बुद्धीने उणा नाही. त्याला रस्ता ठाऊक नाही, आणि तो विचारण्याची लाज वाटते, इतकेच. ती लाज दूर करणे हे अध्यापक व ग्रंथपाल यांचे समान कर्तव्य आहे. ते दोघांनी मिळून पार पाडले, तरच उघडे ठेवलेले दार खऱ्या अर्थाने उघडे राहील.